सोबतीला कुणी नको

आजारपणात मला सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला असेल, तर माणसांचा. असं म्हटलं की कृतघ्न वाटतं, पण आता बरी झाल्यावर खरं बोलायला हरकत नाही. पाय गेले, हात गेले, चमचा धरता येईना, ते सगळं सोसलं. पण त्या सगळ्या काळात मला एक क्षणही कुणी एकटं सोडलं नाही, त्यानं मी जेरीस आले. तुमच्यापैकी कुणी आत्ता पलंगावर पडून पंख्याकडे बघत असेल, उशाशी कुणीतरी मायेचं माणूस मोसंबी सोलत बसलं असेल आणि तुमच्या मनात येत असेल, की हे माणूस जरा उठून बाहेर जाईल का? तर तसं वाटण्यात काही पाप नाही. मला रोज वाटायचं. मुख्यतः हे सांगायला मी लिहायला बसले आहे.

मी मूळची सांगलीची. लग्न होऊन म्हैसूरला आले त्याला वीस-एक वर्षं झाली. आम्ही विजयनगरला राहतो. मी कॉलेजात कॉमर्स शिकवते. नवरा गुरुराज, त्याचं घराणं कित्येक पिढ्या इथलंच. घरात मराठी बोलतात, पण तिच्यात कन्नड इतकी मिसळलेली, की नवी नवरी असताना मला निम्मं कळायचं नाही आणि उरलेलं निम्मं उलटं कळायचं. मुलगी मेघना बेंगळुरूला शिकते. घरी आम्ही दोघं आणि सासूबाई. त्यांना मी आई म्हणते, आणि नवऱ्याला त्यांच्यासमोर ‘अहो’ आणि त्यांच्यामागे ‘अरे’.

मागे राहिलेली चप्पल

सुरुवात अगदी फालतू झाली. सकाळी दारातून बाहेर पडले आणि डाव्या पायातली चप्पल उंबऱ्यातच राहिली. पाय पुढे, चप्पल मागे. मला हसूच आलं. दुसऱ्या दिवशी उजव्या पायाचं तेच. बोटांवर लोकरीचा मोजा चढवल्यासारखं वाटत होतं. शाकाहारी घरात असं काही झालं की सगळे एकमुखानं ‘बी-ट्वेल्व्ह’ म्हणतात, तसं आम्हीही म्हटलं. गुरूनं गोळ्या आणल्या. मी त्या निष्ठेनं घेतल्या.

मग एका सकाळी कॉलेजच्या पायऱ्या चढवेनात. कठडा धरून उभी राहिले. पोरं बाजूनं ‘गुड मॉर्निंग मॅम’ म्हणत वर जात होती आणि मी फोन कानाला लावून कुणाशी तरी बोलत असल्याचं नाटक करत होते. फोन बंद होता. शेवटी गुरूलाच बोलावलं.

डॉक्टरांनी छोट्या हातोडीनं गुडघ्यावर ठोकलं. पाय उडाला नाही. पुन्हा ठोकलं. तिसऱ्यांदा ठोकलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर, घरात कुणी नसताना दार वाजवणाऱ्या माणसाचा भाव होता. मग खुर्चीवर बसून त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, जीबीएस. हे नाव मी तोपर्यंत फक्त पेपरात वाचलं होतं, म्हणजे दुसऱ्यांच्या बाबतीत. आपल्या शरीराची राखण करणारी फौजच आपल्या नसांवर उलटते, असं काहीसं त्यांनी समजावलं. थोडक्यात, कुंपणानंच शेत खायला घेतलं होतं.

‘बहुतेक जण पूर्ण बरे होतात,’ डॉक्टर म्हणाले. ‘पण आजच, आत्ताच ॲडमिट व्हायचं.’

गुरूनं पहिलं वाक्य ऐकलं, मी दुसरं. त्या दिवसाबद्दल आमचं आजही एकमत होत नाही. तो म्हणतो, डॉक्टरांनी किती धीर दिला. मला आठवते ती फक्त माझी चप्पल, जी त्यानं एका पिशवीत घातली होती आणि ॲडमिशनच्या सगळ्या रांगांमध्ये छातीशी धरून ठेवली होती.

एका श्वासात

आयसीयूत गेल्यावर हातही गेले. भीती होती ती श्वासाची. पायांवरून वर चढत चढत हे दुखणं छातीपर्यंत येतं का, याच्यावर सगळ्यांचं लक्ष होतं. त्याची परीक्षा अगदी बालवाडीतली होती. सिस्टर यायच्या आणि म्हणायच्या, एका श्वासात कितीपर्यंत मोजता येतं, मोजा.

मी मराठीत मोजायचे. सिस्टर केरळच्या, त्यांना मराठी येईना. कन्नडमध्ये मोजा म्हणाल्या. कन्नड आकडे माझ्या तोंडात घोळायचे आणि श्वास तिथेच संपायचा. इंग्रजीत मोजलं की परीक्षेला बसल्यासारखी छाती धडधडायची. शेवटी त्या म्हणाल्या, ‘तुम्ही तुमच्या भाषेत बोला, मी शिकते.’ आणि खरंच शिकल्या. रोज येऊन ‘येक, दोन, तीन’ म्हणत त्या माझ्याबरोबर बोटं दुमडायच्या. एका संध्याकाळी मी पंधराच्या आतच थांबले. सिस्टरनी पुन्हा मोजायला सांगितलं. मला फार भीती वाटली. मधल्याच कुठल्यातरी आकड्यावर आपण संपणार असं वाटलं, आणि मेघनाचं लग्न, गुरूची रिटायरमेंट असलं काही न आठवता, गॅसवर ठेवलेलं दूध आठवलं.

मग आकडा तिथेच अडून राहिला आणि हळूहळू वर सरकला. ज्या दिवशी मी एका दमात तिशी गाठली त्या दिवशी सिस्टरनी वॉर्डभर सांगितलं. शेजारच्या आजोबांनी झोपल्याझोपल्या अंगठा दाखवला.

तिथल्या चांगल्या गोष्टी सांगायच्या तर लहान लहान होत्या. उशी उलटून गार बाजू वर करणारा हात. स्टाफच्या खोलीतून येणारा फिल्टर कॉफीचा वास. भेटीच्या वेळी गुरू यायचा आणि माझे तळपाय चोळायचा. मला काही जाणवायचं नाही. ‘जोरात चोळू?’ तो विचारायचा. मी म्हणायचे, बास, बरोबर आहे. काय बरोबर होतं कोण जाणे.

बाकी तिथे एकांत म्हणून काही नव्हताच. कूस बदलायला दोघं, अंग पुसायला दोघं. लाज पहिल्याच दिवशी संपली. मी मनाशी म्हणायचे, घरी गेले की दार लावून घेईन आणि तासभर कुणाला तोंड दाखवणार नाही.

घर

घरी गेले आणि कळलं, की दार लावण्याची सोयच नाही.

आमच्या सासरी एक पद्धत आहे. आजारी माणसाला एकटं ठेवायचं नाही. मी झोपले तरी आई पलंगाशेजारी जपमाळ घेऊन. जागी झाले तर त्यांचा पहिला शब्द, ‘एनायतु? काय झालं?’ काही झालेलं नसायचं, जाग आलेली असायची. न्हाणीघराचं दार उघडं आणि दारात प्लॅस्टिकचं स्टूल टाकून आई. त्यातून भेटायला येणारे. गुरूचे नातेवाईक म्हैसूरभर पसरलेत, आणि प्रत्येकाच्या ओळखीत असा एक जण असतोच, ज्याला ‘एक्झॅक्टली हेच झालेलं’. तो बरा झाला की नाही, हे ते निघताना दारात, खालच्या आवाजात गुरूला सांगायचे. गुरूची चुलतबहीण पद्मक्का बोगादीला राहते. ती आठवड्यातून दोनदा डबा घेऊन यायची आणि माझ्या पायांना हात लावून म्हणायची, ‘अय्यो, किती बारीक झाले गं!’ जणू मला दिसतच नव्हतं.

एकदा मी आईंना म्हटलं, ‘आई, मी दहा मिनिटं एकटी बसू?’

‘एकटी कशाला गं? मी आहे की.’

‘तुम्ही आहात म्हणूनच म्हणतेय.’

‘सुम्ने, गप्प बस बघू. नवस फिटेपर्यंत तुला ओब्बळीला सोडायचं नाही.’

ओब्बळी म्हणजे एकटी. तो शब्द मला ठाऊक होता. नवस नव्हता.

‘कसला नवस?’

मग त्यांनी सांगितलं. त्यांचं माहेर पिरियापट्टणकडचं. तिथे बेट्टदपुरच्या डोंगरावर महादेवाचं देऊळ आहे. मला ॲडमिट केल्याचा फोन आला तेव्हा त्यांनी देवासमोर दिवा लावून म्हटलं होतं, की सून पायांवर उभी राहिली की तिला तिच्या पायांनी तुझा डोंगर चढवून आणीन. आणि त्यांच्या माहेरची रीत अशी, की ज्याच्यासाठी नवस बोललाय त्यानं, तो फिटेपर्यंत, एकट्यानं उंबरा ओलांडायचा नाही.

‘म्हणजे नवस तुम्ही बोललात आणि पाय माझे?’

‘मग कोणाचे? आजारी तू आहेस.’

कॉमर्सच्या भाषेत सांगायचं तर हमी त्यांनी दिली होती आणि तारण मला ठेवलं होतं.

पायऱ्या सगळ्यात शेवटी

फिजिओथेरपीला शिल्पा यायची. तरुण, कडक, गोड बोलून पिळून काढणारी. व्हीलचेअर गेली, वॉकर आला. वॉकर गेला, काठी आली. कॉलेजानं रजा वाढवून दिली. पण माझी पावलं घोट्यातून वर उचलली जायची नाहीत. सपाट जमिनीवर मी पुष्कळ चालायचे. पायरी आली की बुटाचं टोक तिच्यावर आपटायचं.

‘पायऱ्या सगळ्यात शेवटी,’ शिल्पा म्हणाली. ‘वर्ष लागेल, जास्तही लागेल. पण सायकल जमेल तुम्हाला.’

मला वाटलं थट्टा करते. पण तिनं एका जागी उभ्या असलेल्या व्यायामाच्या सायकलवर बसवलं, पाऊल पट्ट्यानं बांधलं, आणि पाय गोल फिरले. घोट्यानं काही करायचंच नव्हतं, मांड्यांनी ढकललं की बास. कित्येक महिन्यांनी माझं शरीर माझ्या म्हणण्याप्रमाणे वागत होतं. मी उतरायलाच तयार होईना.

आता माझी पंचाईत लक्षात घ्या. सायकलवरून मी दूर जाऊ शकत होते. पण एकटी जायचं तर आधी नवस फिटायला हवा, आणि नवस फेडायचा तर डोंगर चढायला हवा, म्हणजे पायऱ्या, म्हणजे सगळ्यात शेवटी.

मेघनाची सायकल गॅरेजमध्ये पडून होती, पुढे टोपली असलेली. सीट इतकी खाली केली की दोन्ही पाय जमिनीला टेकतील. आधी गल्लीत, गुरू मागून सीट धरून पळतोय, शेजारच्या गॅलऱ्या भरलेल्या. नंतर मी पुढे आणि तो मागे स्कूटरवर. आईंनी याला परवानगी दिली, कारण सोबत होती.

सोबत तर इतकी होती, की विचारू नका. विजयनगरच्या कुठल्याही रस्त्यानं जा, गुरूचा एक मामेभाऊ किंवा आतेबहीण गेटपाशी उभी. ‘अरे वा, सायकल! या, या, कॉफी घेऊन जा.’ नाही म्हणायची सोय नाही. सायकलस्वारी करून माझं वजन वाढलं, हे शिल्पाला मी आजपर्यंत सांगितलेलं नाही.

म्हणून मी एका गोष्टीच्या मागे लागले. म्हैसुरात असा रस्ता शोधायचा, ज्यावर माझ्या नवऱ्याचं कुणी राहत नाही.

रिंग रोडच्या पलीकडे

बोगादीची पद्मक्का ही आमच्या गणगोताची शेवटची चौकी. तिचं घर मागे टाकलं, रिंग रोड ओलांडला, की सुरुवातीला नुसते प्लॉट लागतात, दगड रोवलेले, मधे कुणाचं तरी एकुलतं एक घर. त्यापुढे डांबर संपतं आणि एक मातीची वाट नाचणीच्या शेतांतून डावीकडे उतरते. बैलगाडीच्या चाकोऱ्या, मधे गवताची पट्टी. सायकल त्या चाकोरीत घातली, की हँडल धरावंही लागत नाही. पुढे एक तळं आहे. त्याला सगळे नुसतं केरे, म्हणजे तळंच, म्हणतात, नाव कुणी सांगत नाही.

मला ती वाट पाहताक्षणी आवडली. फक्त मागे स्कूटर फटफटत होती. पाखरं आमच्या कितीतरी आधी उडून जायची.

एका रविवारी तळ्याच्या बांधावर गुरूचा फोन वाजला. तो थांबला. मी थांबले नाही. वाट एका वळणावर चिंचेच्या झाडाआड जाते, तिथे गेले आणि पाय टेकून उभी राहिले. मागे कुणी नव्हतं. पुढे कुणी नव्हतं. एक टिटवी ओरडत चक्कर मारून गेली आणि मग इतकं शांत झालं की मला माझाच श्वास ऐकू आला. तो श्वास कुणी मोजत नव्हतं. माझ्या तोंडाकडे बघून, हिला दुखतंय का, हिला काही हवंय का, असं कुणी ताडत नव्हतं. मला इतकं बरं वाटलं, की रडूच फुटलं.

तेवढ्यात स्कूटर आली. गुरू धावतच उतरला. ‘काय झालं? दुखतंय?’

‘नाही रे.’

‘मग रडतेस का?’

‘तू आलास म्हणून.’

बोलायला नको होतं, पण बोलून गेले. तो खाली मान घालून स्कूटरची किल्ली फिरवत राहिला. मग म्हणाला, ‘तू आयसीयूच्या आत होतीस. मी बाहेर बसलेला होतो. तू दिसेनाशी झालीस की मला काय होतं, तुला ठाऊक नाही.’

त्याचं चुकत नव्हतं. माझंही चुकत नव्हतं. जे घरी कुणाची तरी शुश्रूषा करताहेत त्यांनी इथे गुरूची बाजू घ्यावी, माझी काही हरकत नाही. दोन दिवस आम्ही ‘मीठ दे’, ‘गाडीची चावी कुठाय’ एवढंच बोललो.

तिसऱ्या दिवशी जेवताना तोच आईंना म्हणाला, ‘आई, तिला एकटीला जाऊ दे. तिला पाहिजे आहे ते.’

‘आणि नवस?’

‘मग बेट्टदपुरला जाऊ या. काय होतं ते होऊ दे.’

डोंगर

सकाळी लवकर गाडीनं निघालो. डोंगर लांबूनच दिसायला लागला. खालच्या फुलवालीला मी विचारलं, पायऱ्या किती? ती हसून कन्नडमध्ये म्हणाली, मोजू नका, मोजल्या की वाढतात.

मी चढायला लागले. एका हातात काठी, दुसरा हात गुरूच्या खांद्यावर. मागे आई, गुडघ्यांवर हात ठेवत, प्रत्येक पायरीला ‘महादेवा’ म्हणत. सुरुवातीच्या पायऱ्या मी जिद्दीनं चढले. मग बूट आपटायला लागला. मग पाऊल हातानं उचलून वर ठेवावं लागलं. मग तेही नको झालं. देऊळ अजून इतकं वर होतं, की त्याच्याकडे बघताना मान दुखावी. मी मटकन बसले. मला लाज वाटली आणि रागही आला. इतक्या दिवसांची मेहनत आणि एवढाच डोंगर! दोन पायऱ्या खाली आईही बसल्या होत्या. त्यांचेही गुडघे संपले होते.

‘तुम्ही बसा, मी वर जाऊन नारळ फोडून येतो,’ गुरू म्हणाला.

‘तुझे पाय नव्हते बोललेले,’ आई म्हणाल्या.

वारा छान होता. खाली शेतं दिसत होती. मग आईंनी पदर डोक्यावरून घेतला, वर देवळाकडे बघून हात जोडले आणि मोठ्यानं, शेजारणीशी बोलावं तशा बोलायला लागल्या.

‘स्वामी, मी चुकले. पाय हिचे, आणि कबूल करून बसले मी. तेव्हा घाबरले होते, काही सुचलं नाही. हिला वर जमत नाही, मला पण जमत नाही. तू सगळीकडे असतोस म्हणतात, मग या पायरीवर पण असशील की. इथेच घे. ही उभी आहे, चालते आहे, एवढं तू केलंस. उरलेलं राहू दे. कष्ट नको देऊ पोरीला.’

आणि पिशवीतून नारळ काढून त्यांनी त्याच पायरीच्या कडेवर आपटला. सरळ दोन भकलं झाली.

‘फिटला?’ गुरूनं विचारलं.

‘मी बोललेला नवस, मीच सांगितलं, फिटला. त्याला नको असतं तर नारळ फुटला असता काय?’ मग त्या माझ्याकडे वळल्या. ‘चल, उतर हळूहळू. खाली तिंडी खाऊ. भूक लागली मला.’

नाश्त्याला त्यांनी दोन डोसे खाल्ले. मी तीन.

एकटी

त्यानंतर दोन-चार दिवसांनी मी निघाले. गुरू हेल्मेट हातात घेऊन गेटपर्यंत आला, आणि मग आत जाऊन ते खुंटीला अडकवून पुन्हा बाहेर आला. ‘फोन आहे ना?’ ‘आहे.’ ‘चार्ज?’ ‘आहे रे.’ आई समोर असूनही ‘रे’ म्हटलं गेलं. कुणी टोकलं नाही.

पद्मक्काच्या घरावरून मान खाली घालून, चोरासारखी गेले. रिंग रोड, प्लॉट, मातीची वाट. नाचणी काढून झाली होती, शेतात बुडखे होते. तळ्याच्या काठी सायकल आडवी केली आणि बसले.

तिथे मी काय केलं असं लोक विचारतात. काही केलं नाही. एक खंड्या तारेवरून पाण्यात सूर मारत होता. दर वेळी रिकाम्या चोचीनं परत. लांब कुणाची तरी मोटर चालू होती. मधेच तळपायाला मुंग्या आल्या आणि वाटलं, परत सुरू झालं. हे असं अजूनही होतं, आणि ज्यांना हा आजार झालाय त्यांना मी खोटं सांगणार नाही, की ते जातं. घरी असते तर चार चेहरे माझ्याभोवती गोळा झाले असते आणि त्या चेहऱ्यांकडे बघून मी आणखी घाबरले असते. इथे कुणी नव्हतं. मी पाय पसरले आणि थांबले. मुंग्या मांडी घालून बसल्यामुळे आल्या होत्या, गेल्या. आपली भीती आपण एकटीनं पाहिली की ती केवढी आहे ते नीट दिसतं.

परतताना वाळूत चाक रुतलं आणि मी पडले. फार नाही, कुशीवर. कोपर सोलपटलं. पडलेल्या जागी मी मोठ्यानं सांगलीची एक खणखणीत शिवी दिली, वीस वर्षांत या घरात कुणी न ऐकलेली. मग उठायच्या मागे लागले. जमिनीवरून उठणं आम्हा लोकांना सोपं नसतं. आधी ओणवी झाले, हात टेकले, ढुंगण वर केलं, मग हातांनी मांड्यांवर चढत चढत सरळ झाले. दिसायला अगदी वाईट असणार. बघायला एक गायबगळा होता, त्यानं मान फिरवली. मी उभी होते. सायकल उचलली, घंटी उगाचच दोनदा वाजवली आणि निघाले.

आई

आई पायरीवर बसून वाट बघत होत्या. त्यांची नजर आधी माझ्या कोपरावर गेली.

‘पडलीस?’

‘हो.’

‘कोणी उचललं?’

‘कोणी नव्हतं. मीच उठले.’

त्यांनी ‘हं’ म्हटलं. आत जाऊन हळद घेऊन आल्या, कोपराला लावली, कॉफी दिली. मी पिऊन झाल्यावर कप घेतला. मग म्हणाल्या, ‘कसं असतं गं ते? ओब्बळीच असलं की?’

मला प्रश्न कळला नाही. तेव्हा त्या सांगत गेल्या. माहेरी अकरा माणसं. अठराव्या वर्षी लग्न होऊन आल्या त्या घरात त्याहून जास्त. मग मुलं, दीर, सासू-सासऱ्यांची आजारपणं. नवरा गेल्यावर तर कुणी ना कुणी जवळ असायचंच, तसं ठरवूनच. आणि आता वर्षभर मी. ‘मला आठवत नाही गं, घरात मी एकटी आणि दुसरं कोणी नाही, असं कधी झालेलं,’ त्या म्हणाल्या. तक्रार नव्हती, दागिना कुठे ठेवला ते आठवत नसल्यासारखा सूर होता.

मी सांगायचा प्रयत्न केला. तळं सांगितलं, खंड्या सांगितला. त्या मान हलवत राहिल्या, पण मला कळत होतं की हे सांगून कळण्यातलं नाही.

पुढच्या रविवारी मेघना आली होती. सकाळी आई म्हणाल्या, ‘तुम्ही तिघं जा कुठं तरी. मी राहते घरात.’

‘एकटी? कशाला?’ गुरू म्हणाला.

‘सुम्ने. असंच.’

‘पण पडलात तर?’

हे मी बोलले. मी! तोंडातून शब्द गेला आणि मग ऐकू आला. आईंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी मुकाट्यानं चपला घातल्या.

आम्ही बाहेर गेलो, इडली खाल्ली, बाजारात उगाच भाज्यांचे भाव विचारले. पण माझं लक्ष लागेना. गॅस बंद केला असेल ना, न्हाणीघर ओलं असेल, फोन हाताशी असेल का. एवढ्या-तेवढ्यावरून मीच सगळ्यांना घाई केली आणि आम्ही परत आलो.

दार उघडून आत गेलो तर घर शांत. टीव्ही बंद, जपमाळ देवघरात. मागच्या अंगणात, मी उन्हाला बसायचे त्या खुर्चीवर, आई बसल्या होत्या. केस धुऊन उन्हात मोकळे सोडलेले, पाय समोरच्या स्टुलावर, आणि हातात काहीही नाही. पावलांचा आवाज ऐकून त्यांनी मान वळवली. आमच्या तिघांकडे त्यांनी असं पाहिलं, की तळ्याकाठी गुरू स्कूटरवरून आला तेव्हाचं माझं तोंड मला आठवलं.

‘एवढ्यात आलात?’ त्या म्हणाल्या.